आधी औषध, मग चाचणी

कंडोम वापरला गेला नाही किंवा ऐनवेळी फाटला, की अनेक जण दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये जाऊन एचआयव्हीची चाचणी करतात. अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि जीव भांड्यात पडतो. पण त्या अहवालातून फक्त आधीची स्थिती कळते. कालच्या संबंधातून लागण झाली का, हे त्यात दिसूच शकत नाही.

विषाणू शरीरात शिरल्यावर सुरुवातीचे काही दिवस तो शिरकावाच्या जागी आणि जवळच्या लसिकाग्रंथींमध्ये वाढत असतो. रक्तात सापडण्याइतका तो नसतो, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडेही तयार झालेली नसतात. चाचणीला काही सापडत नाही, त्या ‘विंडो पिरियड’ची ही सुरुवात. याच अगदी पहिल्या दिवसांत विषाणूला अजून रोखता येते. त्यासाठी ‘पेप’ नावाचा औषधोपचार आहे. तो ७२ तासांच्या आत, जितका लवकर तितका चांगला, सुरू करावा लागतो आणि २८ दिवस न चुकता घ्यावा लागतो. म्हणून पहिली धाव लॅबकडे नको. सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग, एचआयव्हीवर उपचार करणारे एआरटी केंद्र किंवा जाणकार डॉक्टर गाठावा. पेप सुरू करतानाही रक्त तपासतात, पण ते आधीची स्थिती कळावी म्हणून.

पेपची गरज प्रत्येकाला नसते. डॉक्टर धोका तोलतात. जोडीदाराला एचआयव्ही असून उपचार सुरू नसतील, तर योनिमार्गे संबंधात स्त्रीला लागण होण्याचा अंदाज दर १०,००० संबंधांमागे सुमारे ८, पुरुषाला ४. गुदमार्गे संबंध स्वीकारणाऱ्याला मात्र सुमारे १३८. मुखमैथुनात धोका अत्यल्प. जननेंद्रियावर जखम किंवा दुसरा संसर्ग असेल तर धोका वाढतो. उलट, जोडीदार नियमित औषधे घेत असेल आणि त्याच्या रक्तात विषाणू सापडत नसेल, तर संबंधांतून लागण होत नाही.

याच दिवसांत आणखी दोन गोष्टी उरकायच्या. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर ती लगेच घ्यावी. नको असलेल्या गर्भधारणेची शक्यता असेल तर तातडीची गोळी ७२ तासांत घ्यावी. ५ दिवसांपर्यंत तांबीचाही पर्याय असतो.

चाचण्यांची पाळी यानंतर येते. गोनोरिया आणि क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गांसाठी लघवीची किंवा स्वॅबची तपासणी साधारण दोन आठवड्यांनी. क्लॅमिडियाची लक्षणे बहुतेकांना जाणवतच नाहीत, म्हणून ‘त्रास नाही’ हा पुरावा धरू नये. सिफिलिसचा व्रण बहुधा तीन आठवड्यांच्या सुमारास उठतो, दुखत नाही आणि आपोआप भरतो; आजार मात्र आत राहतो. त्याची रक्तचाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. एचआयव्हीची प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनी भरवशाची ठरते, बोटातून रक्त घेऊन होणारी झटपट चाचणी ९० दिवसांनी. पेप घेतला असेल तर डॉक्टरांनी दिलेले वेळापत्रकच पाळावे. तोवर प्रत्येक वेळी कंडोम वापरावा आणि रक्तदान टाळावे.

सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत एचआयव्ही चाचणी आणि समुपदेशन मोफत मिळते. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर जवळचे केंद्र विचारता येते. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. संबंधांतून पसरणाऱ्या या आजारांपैकी बरेचसे प्रतिजैविकांनी बरे होतात, एचआयव्हीवरही परिणामकारक उपचार आहेत. लाजेपायी वाया जातात ते नेमके पहिले तीन दिवस, आणि ते पुन्हा मिळत नाहीत.