हिमातले प्रेत आणि दारातले पाप

कावेरीच्या सुपीक प्रदेशात, कुंभकोणम्‌च्या उत्तरेस, चोळपुरम् नावाचे लहानसे गाव आहे. भोवती भाताची खाचरे, पाण्याचे पाट, नारळी आणि केळी. हिम तेथे कधी पडत नाही. तरीही तेथल्या घरांत, महाराष्ट्रातील घरांप्रमाणेच, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक विलायती भयकथा अधूनमधून येऊन जाते. चहूकडे बर्फाचे निर्जन अरण्य, त्यात एकाकी लाकडी घर, आत भेदरलेली चारदोन माणसे. आणि बाहेरच्या न संपणाऱ्या रात्रीतून रक्त पिण्यासाठी येणारे एक प्रेत.

ह्या प्रेताला इंग्रजीत व्हँपायर म्हणतात. तमिळ बोलणारा त्याला 'रत्तक्काट्टेरी' म्हणतो; मराठीत कोणी त्याला पिशाच म्हणतो, तर कोणी वेताळ. शब्द हाताशी असला, की वस्तूही तीच असावी असे वाटू लागते. वस्तुतः भुतांनाही त्यांची त्यांची भूमी असते.

व्हँपायरचा जन्म थंड हवेच्या आणि दफनाच्या देशातला आहे. १७३२ सालच्या जानेवारीत, ऑस्ट्रियाच्या ताब्यातील सर्बियात, मेद्‌वेज्या नावाच्या गावी लष्करी वैद्यांनी काही थडगी उघडून पाहिली. गावातले लागोपाठचे मृत्यू मेलेल्यांनीच घडवून आणले, अशी लोकांची खात्री होती. वैद्यांनी अहवालात लिहिले, की काही प्रेते कुजलेली नाहीत आणि त्यांच्यात ताजे रक्त आहे. हा वृत्तान्त युरोपभर पसरला आणि त्याच वर्षी तो शब्द इंग्रजी वृत्तपत्रांत पोहोचला. आजच्या शास्त्राला ह्यात चमत्कार दिसत नाही. थंडीत प्रेत सावकाश कुजते. आत वायू साठून ते फुगते, तेव्हा धष्टपुष्ट दिसते. त्याच वायूच्या दाबाने तांबूस द्रव तोंडाशी येतो. कातडी आकसल्यामुळे नखे आणि केस वाढल्यासारखे भासतात. पाहणारे खोटे बोलत नव्हते. पाहिलेल्याचा अर्थ मात्र त्यांनी भीतीच्या भरात लावला. पुढे मारिया थेरेसा राणीने, फान स्वीटेन ह्या आपल्या वैद्याच्या सल्ल्याने, १७५५ साली प्रेतांची ही विटंबना कायद्याने बंद केली.

ब्रॅम स्टोकरने १८९७ साली 'ड्रॅक्युला' लिहिली, तेव्हा शेवटचा पाठलाग त्याने कार्पेथियन पर्वतातील पडत्या हिमातच रंगविला. हिम वाटा बुजविते, मदत येऊ देत नाही. उत्तरेकडील अलास्कातील, २०१६ पर्यंत बॅरो म्हणविल्या जाणाऱ्या गावी हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. २००७ सालच्या एका चित्रपटाने रक्तपिपासू प्रेतांची टोळी नेमकी त्याच काळोखात त्या गावावर सोडली. सूर्यप्रकाश हाच ज्याचा काळ, त्याला ह्याहून सोयीचे स्थळ कोणते मिळणार?

आपल्याकडे बहुतांश ठिकाणी प्रेत अग्नीच्या स्वाधीन होते. मग थडग्यातून उठणार कोण? म्हणून वेताळ हा परत आलेला मृत नव्हे. तो दुसऱ्याच्या प्रेतात वस्तीला आलेला आहे. त्याच्या कथा सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त सांगितल्या. सोमदेव काश्मीरचा, म्हणजे हिमाच्या सान्निध्यात राहणारा. पण त्याच्या कथेतला राजा त्रिविक्रमसेन मात्र गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा! शिंशपेच्या झाडावर लोंबणारे प्रेत खांद्यावर घेऊन तो स्मशानातून चालतो. वेताळ वाटेत त्याचे रक्त पीत नाही, त्याला गोष्ट सांगतो आणि शेवटी न्यायाचा प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसशील, तर मस्तक फुटेल, ही त्याची धमकी. आणि राजाच्या जिवावर उठलेला कोण निघतो? वेताळ नव्हे, तर रोज फळातून रत्न आणून देणारा जिवंत भिक्षू क्षांतिशील! त्याचा कपटी बेत राजाला वेताळच सांगतो.

ह्या कथा तमिळ देशी गेल्या, तेव्हा झाड बदलले. तेथला वेताळ शेवग्यावर राहतो. सुटलेली खोड पुन्हा जडली, म्हणजे 'वेताळ पुन्हा शेवग्यावर चढला' असे तमिळ माणूस म्हणतो. आपल्याकडे तर वेताळ कोकण-गोव्यात ग्रामदेवता होऊन बसला. आमोणे, लोलये येथे त्याची पूजा होते. गावाची राखण करणाऱ्या ह्या देवाला रिचर्ड बर्टनने १८७० साली 'विक्रम आणि व्हँपायर' ह्या नावाने इंग्रजीत नेले, आणि न्याय विचारणारा एकाएकी रक्तपिपासू ठरला.

चोळपुरम्‌च्या शेजारचीच आणखी एक कथा ह्या संदर्भात मोलाची आहे. कुंभकोणम्‌हून मयिलाडुदुरैच्या वाटेवर तिरुविडैमरुदूर लागते. हेच मराठी कागदपत्रांतले मध्यार्जुन; १७९८ साली गादीवरून दूर झालेले तंजावरचे राजे अमरसिंह भोसले अखेरीस येथेच राहिले. येथील महालिंगस्वामींच्या मंदिराची पुराणकथा अशी : वरगुण पांड्य राजाच्या घोड्याच्या टापांखाली, त्याच्या नकळत, एक ब्राह्मण मेला. ब्रह्महत्या राजाच्या पाठीस लागली. राजा पूर्वेच्या गोपुरातून आत शिरला, तेव्हा तिला दाराशीच थांबावे लागले. तो देवाच्या आज्ञेने पश्चिमेच्या दाराने बाहेर पडला. ती अजूनही पूर्वद्वारी त्याची वाट पाहत आहे, अशी श्रद्धा आहे, आणि आल्या दाराने परत न जाण्याची प्रथा भाविक आजही पाळतात.

बर्फातल्या घरावर चालून येणारे प्रेत परके असते. घरातल्यांचा अपराध बहुधा काहीच नसतो; सुळा काळजात ठोकला, की कथा संपते. मध्यार्जुनच्या दाराशी थांबलेली छाया मात्र राजाच्याच कृत्यातून निघालेली आहे. तिला मारता येत नाही. नकळत घडलेल्या गोष्टीचेही उत्तर द्यावे लागते, एवढेच ती सांगते.

दूरचित्रवाणीला हे दाखविता येत नाही असे नाही. १९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागरांची 'विक्रम और बेताल' ही मालिका आली. साधने बेताची होती. पण सज्जन ह्यांनी उभा केलेला बेताल प्रश्न विचारी आणि घरोघरची मुले विक्रमाच्या आधी उत्तर देऊ पाहत. २०२० साली 'बेताल' नावाचीच दुसरी मालिका आली. तिच्यात कंपनी सरकारचे मेलेले शिपाई भुयारातून उठून माणसांवर तुटून पडतात. नाव आपले, भय मात्र आयात केलेले.

परक्या भुतांना आपल्या पडद्यावर मज्जाव करावा, असा ह्याचा अर्थ नाही. रसिकाने हिमारण्यातील कथेचा थरारही जरूर अनुभवावा. मात्र आपला वेताळ त्या बर्फात हरवू नये. व्हँपायर पाहून मुले रात्री दार घट्ट लावून घेतात. वेताळाची गोष्ट ऐकून ती आईला विचारतात, 'मग राजाने काय उत्तर दिले?' हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, तेथे न्यायाचा विचार सुरू झालेला असतो.