पेव्हर ब्लॉक खचले, बाकी अडकली: कस्टमरशी वाद झाला तर नेमकं काय करायचं?



रविवारच्या व्हिडिओत मी पेव्हर ब्लॉकच्या वादाची गोष्ट सांगितली होती. व्हिडिओला वेळेची मर्यादा असते, त्यामुळे आकडे आणि कायद्याचा भाग घाईत उरकावा लागला. तो इथे नीट लिहितोय. तुम्ही लँडस्केपिंगच्या धंद्यात नसलात, पेंटिंग, वॉटरप्रूफिंग, फर्निचर, सोलर असं काहीही करत असलात, तरी वाचा. काम केलं, पैसे अडकले आणि वर नोटीस आली, हा प्रकार कुठल्याही कामात होतो.

आपल्या बॅचमधला एक मुलगा. आधी नर्सरीत कामाला होता, मग स्वतःचं सुरू केलं. बंगल्याची बाग, लॉन, पार्किंगचे ब्लॉक अशी कामं घेतो. सोलापूरच्या बाजूला एका निवृत्त शिक्षकांच्या बंगल्याचं काम त्याला मिळालं. ३० बाय ४० फुटांचं अंगण, म्हणजे १,२०० स्क्वेअर फूट पेव्हर ब्लॉक, ८५ रुपये फुटाने १,०२,००० रुपये. लॉन आणि झाडं ४८,०००. एकूण दीड लाख. काम मे महिन्यात संपलं, तोपर्यंत १,१०,००० मिळाले होते, ४०,००० बाकी.

जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले. गेटमधून गाडी जिथून आत येते त्या पट्ट्यात ब्लॉक खचले, आणि ओट्यालगत पाणी साचायला लागलं. काकांनी फोन केला. आपल्या पठ्ठ्याने चार दिवस उचललाच नाही. पाचव्या दिवशी व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला, "काका, आधी बाकी द्या, मग बघू."

माझ्या मते वाद खरा इथे सुरू झाला. ब्लॉक खचले तेव्हा ती तक्रार होती. या मेसेजनंतर काकांच्या डोक्यात पक्कं बसलं की हा पळणार. पंधरा दिवसांत वकिलाची नोटीस आली: ब्लॉक उचलून न्या, १,१०,००० परत करा. नोटीस घेऊन तो माझ्याकडे आला. पहिलं वाक्य काय? "सर, ब्लॉक एक नंबर कंपनीचे आहेत. एकही फुटलेला नाही."

खरं होतं ते. पण पेव्हरच्या कामात ब्लॉक ही सगळ्यात वरची आणि सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट. ब्लॉकसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५६५८. त्याच्या २००६ च्या आवृत्तीत हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर जाडी आणि एम-३५ ग्रेड दिली होती. याने ६० मिलिमीटरचेच ब्लॉक घेतले होते. बंगल्यात येणाऱ्या एका कारला तेवढे पुरतात. पण ब्लॉक स्वतः वजन पेलत नाही, तो ते खाली देतो. खाली कच किंवा वाळूचा पातळ थर, त्याखाली दाबलेला मुरूम किंवा खडी, त्याखाली मूळ जमीन. कचेचा थर दाबल्यावर साधारण इंच ते दीड इंच असावा. तो फक्त ब्लॉक बसवायला असतो, खड्डे भरायला नाही. आणि सोलापूरकडची काळी माती! पावसात फुगते, उन्हात आकसते, भेगा पडतात. तिच्यावर मुरूम कमी टाकला तर पहिल्या पावसाळ्यात हिशोब बाहेर येतो.

मी त्याला म्हटलं, वकिलाची नोटीस म्हणजे केस नव्हे. त्यांचा राग आहे, तो कागदावर आलाय. आधी जा, माफी माग ती फोन न उचलल्याची, आणि त्यांच्यासमोर ब्लॉक उचलून बघ. एकटा जाऊ नकोस. दोघांनाही मान्य असेल असा एखादा सिव्हिलचा माणूस घेऊन जा.

तो गेला. काकांनी चहासुद्धा विचारला नाही. (सोलापूरकडे हे कितपत गंभीर असतं ते तिकडच्यांना माहीत आहे.) काकांच्या भाच्याच्या ओळखीचे एक डिप्लोमा इंजिनिअर आले होते. तीन बाय तीन फुटांचे दोन चौकोन उघडले, एक गेटजवळ खचलेल्या जागी, एक जिथे काहीच झालं नव्हतं तिथे. हे दुसरं उघडणं महत्त्वाचं. तुलना नसेल तर प्रत्येक जण आपल्याला हवं तेच बघतो.

चांगल्या जागी दीड इंच कच, खाली तीन इंच घट्ट मुरूम. खचलेल्या जागी चार इंच कच, खाली नावाला मुरूम आणि त्याखाली ओली काळी माती. कारण काय, तर काम सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी प्लंबरने गेटपासून घरापर्यंत नळाच्या लाइनसाठी चर खणला होता आणि तीच माती ढकलून बुजवला होता. धुम्मस नाही, पाणी नाही, काही नाही. आपल्या माणसाच्या मजुरांना तिथे जमीन खाली गेलेली दिसली, त्यांनी वरून कच ओतून लेव्हल जुळवली. ओट्यालगतच्या तीन फुटांच्या पट्ट्यात उतारही उलटा निघाला, घराकडे.

आता दोन्ही बाजू ऐका.

आपला माणूस म्हणाला, "काका, मी सहा इंच मुरूम सांगितला होता. खर्च वाचवायला तुम्हीच तीन इंचांवर आणला. १,२०० फुटांना सहा इंच म्हणजे सहा ब्रास, तुम्ही म्हणालात निम्म्यात कर, आपल्याकडे काय ट्रक यायचेत?"

काका म्हणाले, "मी विचारलं होतं, निम्म्यात भागेल का? तू म्हणालास भागेल. मी आयुष्यभर भूगोल शिकवला रे बाळा, मला मुरमातलं काय कळतं? आणि चर काय मी लपवला होता?"

काय उत्तर देणार? बोलणं फोनवर झालेलं. कोटेशनमध्ये एकच ओळ होती: "पेव्हर ब्लॉक फिटिंग, ८५ रुपये स्क्वेअर फूट." मुरूम किती, कच किती, उतार कुठे, काही नाही. खालच्या थरांचा एक फोटो नाही. झाडं लावल्याचे फोटो मात्र चाळीस होते, इन्स्टाग्रामसाठी.

हे वाचून काही जणांना राग येईल, पण मी स्पष्ट लिहितो. काकांनी खरंच तीन इंच सांगितलं असेल असं धरलं, तरी चूक आपल्या माणसाचीच जास्त होती. कस्टमर पैसे वाचवायला बघणारच. "एवढ्यात टिकणार नाही" हे सांगायचं काम तुमचं, कारण या कामातले जाणकार तुम्ही. चर डोळ्यांसमोर होता, आणि उलट्या उताराशी तर काकांचा काहीच संबंध नव्हता.

नोटीसचं प्रकरण पुढे गेलं असतं तर? इथे थोडा कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पैसे घेऊन केलेलं असं काम म्हणजे सेवा, आणि कबूल केलेल्या दर्जात कमतरता असेल तर ती सेवेतील त्रुटी. घरबांधणीचं काम सेवेत येतं हे तर सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात १९९३ सालीच सांगितलंय. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. कस्टमर स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षं. म्हणजे कस्टमरला दार सताड उघडं आहे. "कोण जातंय कोर्टात" या भरवशावर राहू नका.

आणि एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. आयोगाची नोटीस मिळाली की लेखी उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. त्यानंतर आयोगसुद्धा मुदत वाढवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने मार्च २०२० मध्ये हे पक्कं केलंय. बरेच छोटे धंदेवाले ते पाकीट फ्रिजवर ठेवून देतात. ४६ व्या दिवशी तुमची बाजू कितीही खरी असली तरी लेखी उत्तराचा हक्क गेलेला असतो.

उलट बाजूला तुमची ४०,००० ची बाकी? ती मागायला तुम्ही ग्राहक आयोगात जाऊ शकत नाही, तुम्ही तिथे ग्राहक नाही. त्यासाठी दिवाणी कोर्ट, काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. ४०,००० साठी किती चकरा माराव्या लागतील ते बघा आणि मग ठरवा. चॅट मात्र डिलीट करू नका, फोन बदलला तर जुना सांभाळा. मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं.

इथे तशी वेळ आली नाही. उघडलेल्या खड्ड्याशेजारी उभं राहून मोजणी झाली. गेटपासून घरापर्यंत चराचा पट्टा ३० बाय ६, म्हणजे १८० फूट. ओट्यालगतचा पट्टा ४० बाय ३, म्हणजे १२०. एकूण ३०० फूट पुन्हा करायचं. बाकीच्या ९०० फुटांत दोष नव्हता. एवढं एकदा आकड्यात आल्यावर "सगळं उचलून ने" हे काकांनी स्वतःहून सोडलं. भांडण १,२०० फुटांचं असतं तोवर कुणी मागे हटत नाही.

ठरलं असं: मजुरी, कच, व्हायब्रेटरचं भाडं आपल्या माणसाचं. सहा इंच मुरूम काकांच्या पैशाने, ३०० फुटांना दीड ब्रास भरतो, पण दाबल्यावर बसतो म्हणून दोन ब्रास मागवला. चरातली माती काढून थर टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर दाबायचा. उतार ५० ला १, म्हणजे ओट्याच्या तीन फुटांत पाऊण इंच, तोही काकांसमोर पाण्याच्या नळीने लेव्हल बघून. बाकीचे २५,००० पुढच्या मोठ्या पावसानंतर, १५,००० पावसाळा संपल्यावर. हे सगळं एका पानावर लिहिलं, दोघांनी सही केली, इंजिनिअर साक्षीदार. नोटीस मागे घेतल्याचं काकांच्या वकिलांकडून लेखी घेतलं. हा शेवटचा कागद बरेच जण विसरतात.

दुरुस्तीला त्याचे १९,००० गेले. मूळ कामात २८,००० सुटणार होते, उरले ९,०००. दोन महिन्यांच्या डोकेदुखीसकट.

त्यानंतर त्याने कोटेशन बदललं. आता ब्लॉकची ओळ अशी असते, हवी तर उचला:

"६० मिमी पेव्हर ब्लॉक. खाली दाबलेला मुरूम ६ इंच, कच १ ते दीड इंच. उतार ओट्याकडून गेटकडे ५० ला १. जागेत ताजी भराई, चर किंवा टाकी असल्यास त्याची दबाई वेगळी, दर वेगळा. मुरूम ६ इंचांपेक्षा कमी हवा असल्यास ग्राहकाची लेखी सूचना लागेल व त्या भागाच्या खचण्याची हमी राहणार नाही. एका पावसाळ्यात ब्लॉक खचल्यास मोफत दुरुस्ती. एकूण रकमेच्या १० टक्के पावसाळ्यानंतर देय."

शेवटच्या वाक्यावर बॅचमध्ये बरीच चर्चा झाली. "सर, आपणच १० टक्के ठेवून घ्या म्हणायचं?" माझं मत, हो म्हणा. नाहीतरी कस्टमर ते अडकवतोच, आणि मग १० च्या जागी २५ टक्के अडकतात. फक्त तुमच्या दरात ती रक्कम उशिरा येणार हे धरा. मजुरांची मजुरी आणि दुकानदाराची उधारी त्या १० टक्क्यांच्या भरवशावर ठेवू नका.

लेखी सूचनेचं वाक्य तर जादूच करतं. "मुरूम कमी कर" म्हणणाऱ्याला सांगायचं, "करतो काका, फक्त एवढं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा." त्याच्या मते दहातले आठ जण तिथेच सहा इंचांवर येतात. फोटोचं म्हणाल तर मुरूम दाबून झाला की टेप उभी धरून एक फोटो, कच पसरल्यावर एक, नळीची लेव्हल बघताना एक, आणि ते त्याच संध्याकाळी कस्टमरला पाठवायचे. झाकल्यानंतर जे दिसणार नाही, त्याचाच फोटो काढायचा.

काकांकडचे २५,००० जुलैअखेरीस आले. उरलेले १५,००० मात्र दिवाळी उलटून गेल्यावर मिळाले, तेही तीनदा आठवण केल्यावर. त्या वेळी चहा मिळाला म्हणे.

पुढच्या रविवारी अॅडव्हान्स किती घ्यायचा आणि टप्पे कसे पाडायचे यावर व्हिडिओ आहे. तुमचं एखादं जुनं कोटेशन जवळ घेऊन बसा, त्यातच दुरुस्त्या करू.