पालकांना शाळेत बोलवायचे, ते कशासाठी?

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ ने गावातल्या आईबापांच्या हाती जे दिले, ते त्याआधी कोणत्याही केंद्रीय कायद्याने दिले नव्हते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असे हे कलम सांगते. शाळेच्या कामावर देखरेख करणे, विकास आराखडा तयार करणे, आलेले अनुदान कसे खर्च झाले ते पाहणे ही समितीची कामे. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतो आणि बैठक दर महिन्याला व्हावी असा नियम आहे. पंधरा वर्षांहून अधिक काळ ही व्यवस्था चालू असूनही अनेक गावांत समितीचे अस्तित्व इतिवृत्ताच्या वहीपुरते उरले आहे. ठराव मुख्याध्यापक लिहितात, सह्या घरोघर वही फिरवून घेतल्या जातात आणि महिला सदस्याच्या जागी पुष्कळदा तिचा नवरा किंवा सासरा बसतो. याचा दोष पालकांच्या उदासीनतेला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला हे निदान चुकीचे वाटते. पालकांना आपण ज्या कामासाठी बोलावतो, ते काम त्यांच्या मुलाशी जोडलेलेच नसते, आणि खरा अडसर तिथे आहे.

पालकांना बोलावणे येते ते मुख्यतः दोन कारणांसाठी. एक, सही; दुसरे, वर्गणी. गेल्या दोन दशकांत राज्यातल्या जिल्हा परिषद शाळांचे रूप पालटले, भिंती रंगल्या, वर्गात फरशी आणि टीव्ही आला, त्यात गावकऱ्यांच्या पैशाचा आणि श्रमाचा वाटा फार मोठा आहे. त्याबद्दल गावांचे कौतुकच केले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी सातारा भागातल्या बायकांनी दळणातून मूठमूठ धान्य बाजूला काढले, त्या मूठफंडाची ही परंपरा आहे. पण कर्मवीरांच्या मुठीतले धान्य थेट मुलाच्या ताटात जात होते आणि देणारीला ते दिसत होते. आजच्या लोकसहभागाचा हिशोब मात्र बहुतेक वेळा जमलेल्या रुपयांत मांडला जातो. त्यामुळे ज्याच्याकडे द्यायला काही नाही, तो पालक आपोआप बाजूला पडतो. ज्याच्या मुलाला शाळेची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच.

पालकांना अधिकारांची माहिती दिली की ते जागे होतील, हा समज तपासून पाहिला गेला आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८० गावांत केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा तिथे ग्राम शिक्षण समित्या होत्या. अशी समिती गावात आहे हेच बहुसंख्य पालकांना ठाऊक नव्हते, आणि समितीवर नाव असलेल्या काही सदस्यांनाही त्याचा पत्ता नव्हता. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार आणि निधी समजावून सांगितला. काहींत याच्या जोडीला गावकऱ्यांना स्वतःच मुलांचे वाचन तपासायला शिकवले. आणखी काही गावांत या दोन्हींवर तिसरी गोष्ट केली: गावातल्या तरुणांना मुलांचे वाचनवर्ग घ्यायचे प्रशिक्षण दिले. पहिल्या दोन प्रकारांनी शाळेच्या कारभारात काहीच बदलले नाही, पालकांचा सहभाग वाढला नाही आणि मुलांचे शिकणेही सुधारले नाही. तिसऱ्या प्रकारात मात्र स्वयंसेवक पुढे आले आणि ज्यांना अक्षरही ओळखता येत नव्हते अशी वर्गात येणारी मुले अक्षरे वाचू लागली. लोक होते तेच, गरिबी तीच. फरक एवढाच की, ‘हा तुमचा अधिकार आहे’ असे सांगून थांबण्याऐवजी ‘हे काम करा, असे करा’ असे सांगितले गेले. मुलांचे वाचन कुठे अडले आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही पालक पुढे सरसावले नाहीत, कारण ते दुरुस्त करण्याची वाट त्यांच्या हाती कोणी दिली नव्हती. सभेत भाषण ऐकून घरी जाणाऱ्या आईचीही हीच अडचण असते.

आईला तिच्या आवाक्यातले काम दिले तर काय होते, तेही पाहिले गेले आहे. बिहार आणि राजस्थानातल्या काही गावांत आयांसाठी साक्षरता वर्ग चालवले गेले, काही गावांत मुलाबरोबर घरी काय करायचे याचे मार्गदर्शन घरी जाऊन दिले गेले, काहींत दोन्ही. आयांचे स्वतःचे शिकणे सुधारले, मुलांच्या अभ्यासात त्यांचे लक्ष वाढले आणि मुलांच्या गणितात थोडी प्रगती झाली. ही प्रगती लहान होती, पण ती अशा घरांत झाली जिथे शाळेचा विषय निघाला की आई गप्प बसत असे. महाराष्ट्राने २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने जे शाळापूर्व तयारी अभियान सुरू केले, त्याची घडण याच विचारातून झाली आहे. पहिलीत येणाऱ्या मुलाला घेऊन आई मेळाव्याला येते; भाषा, गणनपूर्व तयारी, शारीरिक विकास अशा टेबलांवरून मूल पुढे सरकते; त्याला काय जमते, काय नाही, याची नोंद विकासपत्रावर आईच्या समोर होते. मग वाडीवस्तीवरच्या आयांचे गट बनतात, त्यांच्यातलीच एक गटप्रमुख होते आणि जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत आयडिया कार्डांवरच्या कृती घरी करून घेतल्या जातात: धान्याचे वर्गीकरण, भांड्यांचा लहान-मोठा क्रम, गोष्ट सांगणे. वाचता न येणारी आईही हे करू शकते. माझ्या मते गेल्या काही वर्षांत राज्याच्या शिक्षण खात्याने केलेल्या कामांत हे सर्वांत शहाणपणाचे आहे. एकच मोठी उणीव राहते: हे गट पुष्कळ ठिकाणी पहिलीच्या उंबरठ्यापाशी विरतात. दुसरी-तिसरीत मूल मागे पडू लागते, तेव्हा ते टिकलेले असायला हवेत. ‘असर’ या ग्रामीण शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या साधारण २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो.

आया शिकलेल्या नाहीत, मग त्या काय करणार, हा आक्षेप आता जुना होत चालला आहे. त्याच अहवालानुसार, कधीच शाळेत न गेलेल्या मातांचे प्रमाण २०१६ मध्ये जवळपास ४७ टक्के होते, ते २०२४ मध्ये २९ टक्क्यांच्या आसपास आले. आज पहिलीत मूल घालणारी आई बहुधा स्वतः जिल्हा परिषद शाळेची माजी विद्यार्थिनी असते. आणि ती शिकलेली नसली, तरी हे काम अडत नाही, याचा दाखला आपल्याच मातीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा आसपासच्या वारली पाड्यांवर शाळेला मुले यायची नाहीत. म्हणून शाळाच पाड्यावर, अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हा शाळेच्या दिवसाचा भाग झाला आणि पाड्यातल्या बायका हे सगळे आपल्या दारात पाहू लागल्या. त्याआधी १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळात ते धाडसाचे आणि आवश्यक पाऊल होते. पण दंडाने मूल वर्गात येते, पालक शाळेचा होत नाही. त्यासाठी कोसबाडची वाट धरावी लागते.

मुलाच्या सुखदुःखाच्या बाबतीत तर घराशिवाय शाळेला गत्यंतरच नाही. पोषण आहाराचे उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेले जेवण सक्तीचे केले; पाचवीपर्यंतच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. या आहाराचे फळ किती दूरवर पोचते ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले: लहानपणी हे जेवण मिळालेल्या मुली पुढे आई झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांत वाढ खुंटण्याचे प्रमाण कमी आढळले. या जेवणाची चव पालकांनी घ्यावी आणि चव रजिस्टरमध्ये नोंद करावी अशी अपेक्षा आहे. पण एखादे मूल दोन घास खाऊन डबा बंद करते, ते डाळ आवडत नाही म्हणून, पोट दुखते म्हणून, की शेजारी बसणारी पोरे जातीवरून काही बोलतात म्हणून, हे कोणत्याही रजिस्टरमध्ये येत नाही. ते आईला रात्री कळते. शाळेची भीती, मारझोड, एखाद्याचा नकोसा स्पर्श यांचेही तसेच. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे. राज्याने १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमायला सांगितल्या. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना घडली आणि तेच आदेश पुन्हा बजावावे लागले. समिती कागदावर असणे आणि आईला न घाबरता शाळेच्या दारात उभे राहून ‘माझी मुलगी चार दिवस झोपेत दचकते आहे’ असे सांगता येणे, यात फार मोठे अंतर आहे. ते कापले जाते ते आई आधीपासून शाळेत येत-जात असेल तरच. जिला आजवर फक्त तक्रार ऐकायला बोलावले गेले, ती तक्रार सांगायला येणार नाही.

व्हॉट्सॲप गटाने हे अंतर मिटले असे अनेक शाळांना वाटते. गटावर सूचना जातात, सुट्टीचे निरोप जातात, फोटो जातात. उलट काहीच येत नाही. कोरोनाच्या काळात आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात झालेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. काही पालकांना दर आठवड्याला फक्त संदेशातून गणिते पाठवली; काहींना संदेशाबरोबर शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोनही आला. नुसत्या संदेशाचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाही; फोन आला त्या मुलांचे गणित सुधारले.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. पालकांवर जबाबदारी टाकणे म्हणजे सरकारने आपले हात झटकणे नव्हे का? शिक्षकांची पदे रिकामी, एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, त्यात निवडणुकीची आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे. अशा स्थितीत आईने घरी शिकवावे हे म्हणणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच पालकांचे काम नेमके आखून दिले पाहिजे असा माझा आग्रह आहे. शिकवणे शिक्षकाचे. मूल जेवले का, झोपले का, आज काय ऐकून आले, हे विचारणे आणि शाळेला कळवणे घराचे. पदे भरणे सरकारचे, आणि ती भरली नाहीत तर ठराव करून ते मागणे समितीचे. समितीत गावचे राजकारण शिरते, ही तक्रारही खरी आहे. पण राजकारणाला रस असतो बांधकामात आणि खरेदीत. बैठकीचा पहिला विषय ‘न वाचणारी मुले कोणती’ हा ठेवला, तर तिथे गटबाजीला खायला फारसे उरत नाही. आणि मजुरी बुडवून सकाळी अकराच्या बैठकीला कोणी का यावे? बैठक संध्याकाळी, वस्तीवर, देवळाच्या ओट्यावर घ्यावी. यासाठी कोणत्याही नव्या शासन निर्णयाची गरज नाही.

याची खरी कसोटी लागते ती ऊसतोड कामगारांच्या गावांत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरकडची माणसे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. ऊसतोडीतला एक ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी, त्यामुळे मुलाला सोडायचे कोणाजवळ हा प्रश्न असतो. सरकारने यासाठी हंगामी वसतिगृहांची सोय केली. नाव वसतिगृह असले तरी मूल बहुधा गावातच आजी-आजोबांकडे राहते, जेवणाची व्यवस्था शाळेमार्फत होते. ती कधी उशिरा सुरू होते, कधी कागदावर राहते. पण जिथे व्यवस्थापन समितीने सप्टेंबरातच घरोघर जाऊन कोणते मूल जाणार, कोण राहणार, कोणाची आजी आजारी आहे, अशी यादी केली, तिथे ही योजना वेळेवर उभी राहणे शक्य होते. ही माहिती तालुक्याच्या कार्यालयाकडे नसते, शेजारणीकडे असते.

म्हणूनच वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा बंद करून समूहशाळा उभारण्याचा विचार पुन्हा पुन्हा पुढे येतो, तेव्हा त्याला विरोध केला पाहिजे. २०२३ मध्ये राज्यात अशा शाळा सुमारे पंधरा हजार होत्या. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी हा शिक्षणहक्क कायद्याखालचा निकष मुलाच्या पायांसाठी ठरवला गेला, पण तो आईच्या पायांनाही लागू आहे. बसने सात-आठ किलोमीटरवर गेलेल्या मुलाच्या शाळेत डोंगरी वस्तीवरची आई वर्षातून एकदाही पोचणार नाही. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा येईल, खेळाचा शिक्षक येईल, हे लाभ खोटे नाहीत. पण सहा-सात वर्षांच्या मुलासाठी आईला ओळखणारा शिक्षक अधिक मोलाचा आहे.

आपल्या गावातल्या किंवा प्रभागातल्या शाळेत एकदा जा. व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा, आणि वर्गणीची पावती फाडण्याआधी एवढेच मागा: या वर्षी वाचनात मागे असलेल्या आणि आईबापांबरोबर स्थलांतर करणार असलेल्या मुलांची नावे त्या बैठकीत वाचली जावीत, आणि त्यांच्या आयांना येता येईल अशा वेळी ती बैठक व्हावी.