गवळणीतली पहिली राधा

अकोल्याहून प्रवरेच्या काठाने खाली उतरले की संगमनेर लागते. संगमनेर तालुक्यातच, पुणे-नाशिक रस्त्यावर, हिवरगाव पावसा हे गाव आहे. देवगडच्या खंडोबाचे ठाणे म्हणून पंचक्रोशी त्याला ओळखते. १८७० साली या गावच्या महारवाड्यात, भालेरावांच्या घरी एक मुलगी जन्मली. आईबापांनी तिला खंडोबाला वाहिले; ती मुरळी झाली. पुढे साऱ्या महाराष्ट्राने तिला पवळा हिवरगावकर म्हणून ओळखले. ढोलकीफडाच्या तमाशात बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून तिचेच नाव घेतले जाते.

पवळेच्या आधीही बाया लावणी गात होत्या. पेशवाईत कलावंतिणी होत्या, बैठकीच्या लावणीची अदा होती, संगीत बारीची परंपरा स्त्रियांनीच वाढवली. ढोलकीफड मात्र पुरुषांचा होता. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावर सूर धरणारा झीलकरी, सोंगाड्या, सरदार हे सगळे पुरुष. आणि ज्या राधेसाठी लोक रात्र जागवायचे ती राधाही पुरुषच. मिसरूड न फुटलेला, नाकीडोळी नीटस, गळ्यात गोडवा असलेला पोरगा हेरून त्याला लुगडे नेसवत, चाळ बांधत. तो ‘नाच्या पोऱ्या’. त्याची कला खोटी नव्हती. बाईची चाल, मान वेळावणे, पदराची टोके धरून पाठमोरे उभे राहणे, हे सारे त्याने मेहनतीने कमावलेले असे. पण आवाज फुटला की त्याची राधा संपायची आणि फड दुसरा पोरगा शोधायला निघायचा.

तमाशाची रात्र गणाने सुरू होते. गणपतीला नमन झाले की गवळण येते. दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, सोबत मावशी, वाट अडवायला कृष्ण आणि पेंद्या. कृष्णाने राधेला दाण, म्हणजे वाटेचा कर, मागायचे, तिने नाकारायचे, मावशीने मध्येच तोंड घालायचे. पुढे विनोदी सवालजबाबांची बतावणी, मग वग, म्हणजे रात्रीचे मुख्य कथानाट्य. १८६५च्या सुमारास ‘मोहना बटाव’ने वगाची वाट मोकळी केली, असे तमाशाचे जाणकार मानतात. वगाची राणी बदलत राहते, कथा बदलत राहते; गवळण मात्र प्रत्येक फडाची तीच. म्हणून राधा ही तमाशातली खरी कसोटीची भूमिका. प्रेक्षकाला ती पाठ असते. कृष्ण काय म्हणणार, ती काय उत्तर देणार, मावशी कुठे टोमणा मारणार, हे ठाऊक असूनच तो बसलेला असतो. त्याला बघायचे असते ते एवढेच, की ही राधा कशी वळते आणि कशी बघते.

युरोपच्या बॅले नृत्यात अशीच एक भूमिका आहे, तिचे नाव जिझेल. २८ जून १८४१ रोजी पॅरिसच्या ऑपेरात ती पहिल्यांदा नाचली गेली. नाचणारी होती कार्लोटा ग्रिसी. त्याच दिवशी तिला बावीस वर्षे पूर्ण झाली. संगीत आडोल्फ आदाम यांचे, नृत्यरचना कोराली आणि पेरो यांची, आणि कथा रचण्यात थिओफिल गोतिए या कवीचा मोठा वाटा. जिझेल ही खेड्यातली, नाचण्याचे वेड असलेली मुलगी. साध्या माणसाचा वेश घेऊन आलेल्या अल्ब्रेख्ट या सरदारावर तिचा जीव जडतो. त्याचे लग्न आधीच दुसरीकडे ठरलेले असल्याचे कळते तेव्हा तिचे भान हरपते आणि ती मरते. दुसऱ्या अंकात रात्रीच्या रानात पांढऱ्या कपड्यांतल्या ‘विली’ जमतात. लग्नाआधीच मेलेल्या या मुली सापडेल त्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. जिझेल आता त्यांच्यातलीच एक झाली आहे, तरी ती अल्ब्रेख्टला पहाटेपर्यंत जगवते. पहिल्या अंकात हाडामांसाची पोर आणि दुसऱ्यात वजनच नसलेली सावली. एकाच नर्तकीला एका रात्रीत दोन देह दाखवावे लागतात, म्हणून जिझेल पहिल्यांदा करणे हा प्रत्येक बॅलेरिनाच्या आयुष्यातला मोठा दिवस. आधी ती भूमिका केलेली जुनी नर्तकी नवीला शिकवते. पायाच्या ठेवणीपासून वेडाच्या प्रसंगात केस कधी सुटायचे इथपर्यंत. अॅना पाव्हलोव्हाने सेंट पीटर्सबर्गला १९०३ मध्ये पहिल्यांदा जिझेल केली आणि तिचे नाव त्या भूमिकेशी कायमचे जोडले गेले.

हे सांगण्याचे कारण असे की बॅलेतही बाईची जागा बाईला सहज मिळाली नव्हती. राजवाड्यातल्या नाचांत सरदारांच्या बायका-मुली भाग घेत. पण पॅरिसच्या सार्वजनिक रंगमंचावर स्त्रीभूमिका मुखवटे घातलेले पुरुष नाचत. १६८१ मध्ये लुलीच्या ‘प्रेमाचा विजय’ या कृतीत मादमोझेल द लाफोंतेन ही पेशाने नाचणारी स्त्री मंचावर आली, आणि तिथून चित्र पालटू लागले. दीडशे वर्षांनी, १८३२ मध्ये, ‘ला सिल्फीद’मध्ये मारी ताल्योनीने पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहून नाचण्याला काव्याचा दर्जा दिला. त्यानंतर बॅले म्हणजे बाईचीच कला असे युरोप मानू लागला.

आपल्याकडे ही पायरी पवळेने एकटीने चढली. एकोणिसावे शतक संपता संपता, ज्या जागेवर आजवर पोरगा उभा राहायचा तिथे चाळ बांधून ती उभी राहिली. तिच्या आगमनाने नेमके काय बदलले असेल? नाच्या पोऱ्याच्या राधेत एक मान्य केलेले सोंग होते. समोर बसलेल्यांना ठाऊक असायचे की हा अमक्याचा पोर आहे. त्यामुळे कृष्णाची छेडछाड कितीही रंगली तरी ती खेळातच राहायची. पवळा उभी राहिली आणि राधेच्या उत्तराला खऱ्या बाईचा आवाज मिळाला. ‘वाट सोड’ हे शब्द एक बाई पुरुषांच्या गर्दीसमोर उभी राहून म्हणू लागली. त्याच क्षणी ती गर्दीही तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. माझ्या मते तमाशाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे, वगाच्या जन्माहूनही मोठी.

पवळेचे नाव निघाले की पाठोपाठ पठ्ठे बापूरावांचे येतेच. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष. कुळकर्णीपण आणि ब्राह्मणपण मागे सोडून हा माणूस तमाशात आला आणि लावणीचा बादशहा झाला. त्याची लेखणी आणि पवळेचा गळा यांनी मुंबईतले गिरणगाव वेडे केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांसमोर त्यांचा ‘मिठाराणी’चा वग झाला. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी एका फडात, एका संसारासारखे राहतात, हे त्या काळच्या समाजाला पचणे शक्यच नव्हते. बापूरावांवर बहिष्काराचे घाव पडले आणि त्यांनी ते उघडपणे सोसले, याबद्दल त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण गोष्ट सांगताना आपण नेहमी म्हणतो, बापूरावांनी जात सोडली. पवळेला सोडता येण्यासारखे काही नव्हतेच. मुरळी, महार आणि नाचणारी ही तिन्ही ओझी तिच्या पाठीवर तशीच राहिली. नाटक-सिनेमांतून ही जोडी रंगवली गेली तेव्हाही ‘बापूरावांची पवळा’ अशीच ती आली. फडाच्या दृष्टीने पाहिले तर पवळेच्या आधी तिच्यासारखी दुसरी कोणी नव्हती. बापूरावांच्या आधी मात्र शाहिरांची मोठी रांग होती. आमच्या संगमनेरचेच अनंत फंदी त्या रांगेत आहेत.

इथे जिझेलमधल्या त्या विली मला पुन्हा आठवतात. गोतिएने १८३८ मध्ये पॅरिसला आलेल्या दक्षिण भारतातल्या देवदासी पाहिल्या होत्या. पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमहून गेलेल्या त्या नर्तकींपैकी अमनी हिच्यावर त्याने भारावून लिहिले. तीन वर्षांनी त्याच्या कथेत लग्नावाचून मेलेल्या आणि म्हणून रात्रभर नाचत राहणाऱ्या मुली आल्या. पॅरिसच्या प्रेक्षकाला ती सुंदर कल्पना वाटली. आपल्याकडे देवाशी लग्न लागल्यामुळे माणसाशी लग्न न होऊ शकणाऱ्या, आणि म्हणून नाचत राहणाऱ्या मुली जेजुरीपासून हिवरगावापर्यंत जिवंत होत्या. नवस आईबापांचा असायचा आणि तो फेडायचा पोरीने. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला तो १९३४ साली. तेव्हा पवळा साठी ओलांडून गेली होती.

म्हणूनच पवळेचे कौतुक करताना एक प्रसंग वगळून चालणार नाही. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. आपल्या समाजाच्या मुलींना नाचवून मिळवलेल्या पैशावर हा लढा उभारायचा नाही, ही त्यांची भूमिका होती. हा नकार कलेला होता असे मी मानत नाही. एका जातीच्या बायकांनी नाचावे आणि बाकीच्यांनी बघावे, या व्यवस्थेला तो होता. पण त्या नकाराची झळ ज्यांनी फडाशिवाय दुसरे जग पाहिले नव्हते त्या बायांनाही लागली, हेही तितकेच खरे. हा पेच आपल्याच जिल्ह्यातल्या, कोपरगावकडच्या पोहेगावच्या शैलजा पाईक यांनी तपशिलाने उलगडला आहे. तमाशातल्या दलित स्त्रियांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात पवळाबाई केंद्रस्थानी आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर शिष्यवृत्ती पाईक यांना मिळाली. हिवरगावच्या पवळेचा अभ्यास त्याच जिल्ह्यातल्या लेकीने जगापुढे मांडावा, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पवळेच्या धाडसाचे मोल कळण्यासाठी आजूबाजूलाही पाहावे. दादासाहेब फाळक्यांना १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीसाठी बाई मिळाली नाही, साळुंके या पुरुषाने ती भूमिका केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. संगीत रंगभूमीवर तर बालगंधर्वांचे राज्य पुढेही कित्येक वर्षे राहिले. शहरातल्या सुशिक्षितांची ही तऱ्हा असताना खेड्यातली पवळा केव्हाच बोर्डावर उभी होती. बापूरावांशी तिची वाट पुढे वेगळी झाली. १९३९ मध्ये ती गेली, बापूराव १९४५ मध्ये.

तिच्यानंतर फडांचे रूपच पालटले. नाच्या पोऱ्या मागे पडला आणि फड बाईच्या नावाने ओळखला जाऊ लागला. चंदनापुरीचा घाट ओलांडून पलीकडे नारायणगावला विठाबाई झाल्या. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. आणि अलीकडे, संगमनेरात, कांताबाई सातारकर. दगडखाणीत राबणाऱ्या कुटुंबात १९३९ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणीच पायात चाळ आले, मुंबईत दादू इंदुरीकरांच्या फडात त्या तयार झाल्या, मग तुकाराम खेडकरांसोबत त्यांनी वग गाजवले. ‘रायगडची राणी’मध्ये त्या शिवाजी महाराज झाल्या. बाईची जागा पुरुषाकडून घेऊन पवळा राधा झाली होती. कांताबाईंनी पुरुषाची जागा घेतली आणि प्रेक्षकांनी ती मानली. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर पुरस्कार सुरू झाला तेव्हा त्याच्या पहिल्या मानकरी त्याच होत्या. मे २०२१ मध्ये करोनाने त्यांना नेले. पुत्र रघुवीर खेडकरांनी फड चालू ठेवला आहे.

गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला तिथे जातात. आमच्या अकोले तालुक्यातले कोतूळ-ब्राह्मणवाड्याकडचे लोक ओतूरमार्गे सहज पोहोचतात. हल्ली गण-गवळण लवकर उरकून सिनेमाच्या गाण्यांवर येण्याचा आग्रह वाढला आहे. मला ते खटकते, कारण गवळण हीच ती जागा आहे जिथे नव्या मुलीची पारख होते. सुपारी देताना गवळण पूर्ण हवी असे पंचांनी ठरवून सांगावे; फडमालक नाही म्हणणार नाहीत. गवळणीच्या वेळी आजही नव्या राधेला जुनी नर्तकी पडद्याआड उभी राहून बघते, पदराची टोके कशी धरायची ते सांगते. गौळणी सगळ्या बायाच असतात. पुरुष लुगडे नेसून येतो तो फक्त मावशीच्या सोंगात.