केरी ते वेळास : जाळे कापायचा प्रश्न घेऊन केलेली सफर



यंदा मार्चमध्ये आपल्या सोसायटीचे अकरा सभासद दोन गाड्या करून केरीपासून वेळासपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊन आले. फोटो तुम्ही पाहिलेच. "फोटो पुरे झाले, आता काहीतरी लिहा," असे बऱ्याच जणांनी सांगितले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत. आधीच सांगतो, खर्च ज्याचा त्याने केला. सोसायटीचा एक रुपया गेलेला नाही.

गेलो कशासाठी? जानेवारीत आपल्या एका सभासदाच्या कांडाळीत मोठे कासव अडकले. जाळे नवे, त्याच्यावरचे कर्ज अजून फिटायचे आहे. ओढून काढले असते तर कासवाची मान चिरली असती. त्याने सुरी काढली, जाळे कापले आणि कासव सोडले. दुसऱ्या दिवशी निम्मी वाडी म्हणाली शाबास, निम्मी म्हणाली वेडा. मासिक सभेत विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले. "कासव सरकारचे, फोटो पर्यटकाचा, आणि फाटलेले जाळे तेवढे आमचे!" सभेत कुणाला उत्तर देता आले नाही. शेवटी कुणीतरी म्हणाले, वेळासला लोक कासवावर चार पैसे कमावतात म्हणे, जाऊन तरी बघूया. जाळे कापणारा आणि हे बोलणारे काका, दोघेही गाडीत बसले. मासळी विकणाऱ्या आपल्या दोन बहिणीही आल्या.

पहिला दिवस : तेरेखोल, वेंगुर्ले, मालवण

सकाळी केरीला फेरीबोटीवर गाड्या चढवल्या. रोज ज्या न्हंयचे तोंड आपण होडीतून ओलांडतो, तिथे गाडीत बसून पाणी बघायला गंमत वाटली. पलीकडे तेरेखोलचा किल्ला, पुढे रेडी, मग शिरोडा. १९३० चा मिठाचा सत्याग्रह शिरोड्याच्या मिठागरांवर झाला होता. आमच्यातल्या तरुण पोरांना हे माहीत नव्हते. काकांना होते.

वेंगुर्ल्याच्या बंदरावरून समुद्रातले वेंगुर्ला रॉक्स दिसतात. तिथल्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. परदेशात या घरट्यांचे सूप करतात, म्हणून एके काळी त्यांची चोरी चालायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या पाकोळ्यांसाठी काम केले. हीच संस्था पुढे वेळासला भेटणार होती. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावरही कासवे अंडी घालतात. म्हणजे आपल्या मोरजी-मांद्र्यापासून ही साखळी तुटत नाही. दक्षिणेला आगोंद, गालजीबाग, उत्तरेला वायंगणी, तांबळडेग, गुहागर, आंजर्ले, वेळास. राज्याची हद्द कासवाला ठाऊक नाही.

रात्री मालवणला मुक्काम केला. तिथले मच्छीमार भाऊ बंदरावर भेटले आणि खऱ्या गप्पा तिथे झाल्या. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हटल्यावर मासेमारी बंद होणार या भीतीने तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला होता. आपल्यालाही हीच भीती. कासव आले की वनखाते येणार, आणि मग होड्या हलवा, रापण ओढू नका म्हणणार.

पण मालवणात एक नवी गोष्ट कळली. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८ पासून योजना सुरू केली आहे. कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा, म्हणजे व्हेल शार्क, असा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि जाळे कापून जिवंत सोडला, तर जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ आणि होडीची कागदपत्रे लागतात. तिथला एक तांडेल म्हणाला, "जाळ्याची सगळी किंमत भरून येत नाही हो. पण सुरी काढताना हात थरथरत नाही." आपला सभासद हे ऐकून गप्प बसला. त्याचा हात जानेवारीत थरथरलाच असणार.

दुसरा दिवस : सडे, खाड्या आणि दगडातला हत्ती

पहाटे मालवणला होडीने डॉल्फिन बघायला गेलो. आपण रोज बघतो, पण पैसे देऊन पहिल्यांदाच बघितले! एक बरे झाले. पर्यटकाच्या होडीने डॉल्फिनच्या मागे धावू नये, इंजिन मंद ठेवून थांबावे, ते आपणहून वर येतात, हे आमच्या पोरांनी तिथल्या होडीवाल्याला दाखवून दिले.

पुढे आचरा, देवगड, विजयदुर्ग. हा रस्ता साहस आवडणाऱ्यांनी जरूर करावा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आंब्याच्या बागा आणि काळे सडे. खाडी आली की रस्ता आत वळतो, घाटी उतरतो, पूल ओलांडतो आणि परत समुद्रावर येतो. नकाशावर दहा किलोमीटर वाटते तिथे तास जातो. कांदळवनात खंड्या, बगळे, आणि नशीब असेल तर पाणमांजर दिसते. आम्हाला चिखलात त्याचे ठसे तेवढे दिसले. जाळ्यातले मासे पळवणारा म्हणून आपण त्याला शिव्या देतो. ठसे बघायला मात्र सगळे गाडीतून उतरले.

राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कातळशिल्प आहे. जांभ्यावर कोरलेला भला मोठा हत्ती, आणि त्याच्या अंगात लहान-मोठे कितीतरी प्राणी. त्यात मासेही आहेत. कुणी कोरले, नक्की कधी कोरले, सांगता येत नाही, पण हजारो वर्षांपूर्वीचे मानतात. काका बराच वेळ त्या माशांकडे बघत उभे राहिले. "म्हणजे आपला धंदा जुनाच म्हणायचा," एवढेच म्हणाले. रात्री रत्नागिरीला पोचलो.

तिसरा दिवस : दोन जंगलजेट्ट्या आणि हर्णैचा लिलाव

जयगडहून तवसाळला आणि धोपाव्याहून दाभोळला गाडी बोटीवर चढवून जावे लागते. तिकडे या बोटीला जंगलजेट्टी म्हणतात. दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठी नदीचे तोंड. वर चिपळूणच्या बाजूला या नदीत मगरी आहेत. रस्त्याने गेले असते तर खूप मोठा वळसा पडला असता. बोटीवर चहा प्यायला वेळ मिळतो आणि घारी डोक्यावर फिरत असतात.

मधे गुहागर लागते. इथली एक गोष्ट आम्हाला जन्मभर आठवेल. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादी कासवाच्या परावर शास्त्रज्ञांनी धातूचा बिल्ला लावला होता. तीच मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात! हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर भरते. तोवर पूर्वेची कासवे वेगळी आणि आपली वेगळी अशीच समजूत होती.

हर्णैला लिलाव गाठला. होड्या लांब उभ्या, माल किनाऱ्यावर येतो, वाळूत टोपल्या आणि ढीग, मागे सुवर्णदुर्ग. आपल्या बहिणींनी भाव विचारले, पापलेटाला हात लावून बघितला आणि "आमच्याकडे यापेक्षा ताजी," असे सांगूनही टाकले. मग आंजर्ले, केळशी करत अंधार पडता पडता वेळासला पोचलो.

चौथा दिवस : टोपलीखाली काय होते

वेळास हे मंडणगड तालुक्यातले छोटे गाव, नाना फडणविसांचे. इथे लोकांच्या घरीच उतरायचे. जेवण साधे आणि शाकाहारी. दर्यावर जन्म काढलेल्या अकरा माणसांनी समुद्राला लागून असलेल्या गावात भाजी-आमटी खाल्ली. कुणी तक्रार केली नाही, पण परतीच्या वाटेवर पहिली खाणावळ मासळीचीच शोधली.

हकीकत अशी. सह्याद्री निसर्ग मित्रचे लोक समुद्रगरुडांच्या अभ्यासासाठी या भागात फिरत होते. त्यांना वाळूत उकरलेली घरटी आणि कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. अंडी माणसे नेत, उरलेली कुत्री-कोल्हे खात. २००२ साली संस्थेने गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केले. ज्यांना अंडी कुठे असतात ते ठाऊक, त्यांनाच राखणीला घेतले. पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले, घरोघरी राहायची सोय झाली.

राखण कशी करतात तेही बघितले. कासव साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री वर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, बुजवते आणि परत जाते. राखणदार पहाटे पावलांचे माग बघतात. अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. वर तारखेची पाटी लावतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले निघतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त.

सकाळी सातच्या सुमाराला आम्ही दोरीमागे उभे होतो. राखणदाराने घरट्यावरची टोपली उचलली. खाली काळी, तळहाताएवढीही नाहीत अशी पिल्ले वळवळत होती. त्यांना पाण्यात सोडत नाहीत, वाळूवर ठेवतात. समुद्रापर्यंत ती स्वतः चालतात. मोठी झाल्यावर मादी अंडी घालायला पुन्हा त्याच भागात येते, म्हणून ही वाळू तिच्या ओळखीची व्हायला हवी असे मानतात. लाट आली, दोन पिल्ले उलटी पडली, पुन्हा सरळ झाली, गेली. हजारात एखादेच मोठे होते म्हणतात.

आपल्या सभासदाने जानेवारीत सोडलेली मादी अशा हजारातली एक होती. ते त्याला कुणी बोलून दाखवले नाही. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "डोळे भरले ते खरे. पण पुढच्या वेळी जाळे माझे असेल तर हप्ता कोण भरणार, ते आधी सांगा."

प्रश्न बरोबर आहे. वेळासची नक्कल आपल्याला जमणार नाही. तिथला किनारा मोकळा, रात्री काळोख. आपल्याकडे होड्या, रापण, शॅक आणि दिव्यांचा लखलखाट. पिल्ले उजेडाकडे धावतात, म्हणजे आपल्याकडे ती रस्त्यावर येणार. पण वेळासने एक शिकवले. तिथे किनारा ओळखणाऱ्या माणसाला बाहेर काढून कासव वाचवले नाही, त्याला हाताशी धरून वाचवले. आपल्यालाही हेच मागायचे आहे. किनारा बंद करू नका, राखण आमच्याकडे द्या.

सभेपुढे ठेवायचे विषय

१. कासवासाठी जाळे कापणाऱ्या सभासदाला सोसायटीच्या निधीतून काही मदत देता येईल का, हा विषय वार्षिक सभेत घेऊ. महाराष्ट्रासारखी भरपाई आपल्या सभासदांनाही मिळावी, यासाठी मत्स्योद्योग खात्याला सह्यांचे निवेदन देऊ.

२. नोव्हेंबर ते मार्च होड्या लावायच्या जागी रात्री गरजेपुरताच दिवा लावावा.

३. फाटक्या जाळ्याचे तुकडे समुद्रात टाकू नयेत. किनाऱ्यावर पिंप ठेवत आहोत, त्यात टाकावेत.

जाळ्यात कासव सापडले तर

कासव हवेत श्वास घेते. जाळ्यात जास्त वेळ राहिले तर बुडून मरते, म्हणून कांडाळी वेळेवर तपासा. वर काढल्यावर मेल्यासारखे दिसले तरी लगेच पाण्यात टाकू नका, ते बुडेल. होडीत पोटावर ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा म्हणजे आतले पाणी निघेल. सावली द्या, अंगावर ओले फडके घाला, नाक मोकळे ठेवा. काही तासांनीही शुद्धीवर येते. हालचाल नीट झाली की इंजिन बंद करून हळू सोडा. फोटो काढून ठेवा. कासव मारणे, विकणे, अंडी घेणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

ज्यांना ही सफर करायची आहे त्यांनी फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये जावे. वेळासला आधी फोन करून घर ठरवावे. पिल्ले रोज निघतीलच असे नाही, दोन दिवस हातात ठेवावेत. फ्लॅश नको, पिल्लाला हात नको. परत येताना महामार्गाने या, एका दिवसात घरी.

गुहागरच्या मादीची गोष्ट आम्ही आल्यावर सभेत सांगितली. तिने ओडिशापासून गुहागरपर्यंत किती जाळी चुकवली असतील, किती जणांनी तिला सोडले असेल? त्यातला एखादा आपल्यासारखाच कर्जातला मच्छीमार असेल. आपण सोडलेली मादीही आता कुणाच्या तरी जाळ्याजवळून जात असेल.

काकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला वार्षिक सभेला सगळ्यांनी यावे, ही विनंती.

आपला,
सचिव