निश्चयाचे भौतिकशास्त्र

निश्चय का डळमळतो, हे बलांच्या भाषेत मांडले कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने. १९३३ मध्ये तो जर्मनी सोडून अमेरिकेत गेला. भौतिकशास्त्रातील क्षेत्राची कल्पना त्याने मनाला लावली: हवीशी गोष्ट खेचते, नकोशी ढकलते आणि वर्तन या बलांच्या बेरजेतून ठरते. मानसशास्त्रज्ञ नील मिलरने पुढे त्यात एक मार्मिक भर घातली. ध्येय जवळ येताना ओढ वाढते, पण भीती त्याहून झपाट्याने वाढते. आलेखावर या दोन रेषा जिथे छेदतात, तिथे माणूस अडकतो. दात काढायला निघालेला रुग्ण दवाखान्याच्या पायरीशी घुटमळतो तो म्हणूनच! मग जोर वाढवावा की अडथळा कमी करावा? लेविनचा कौल दुसऱ्या बाजूला होता, कारण नुसत्या जोराने ताणही वाढतो. मला हाच या मांडणीचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

इच्छाशक्ती हा वापराने आटणारा ऊर्जेचा साठा आहे, ही निश्चयाबद्दलची दुसरी कल्पना, मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांची १९९८ मधील, खूप गाजली. मात्र २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी, दोन हजारांहून अधिक लोकांवर, मिळून घेतलेल्या पडताळणीत इच्छाशक्ती आटण्याचा हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला.