रोजचं इंजेक्शन, आठवड्याचं इंजेक्शन

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण लुटत होते आणि बायकांचं लक्ष मात्र भलतीकडेच! "ताई, ते आठवड्यातून एकदा घ्यायचं बारीक व्हायचं इंजेक्शन आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळतं का हो?" आमच्या बचत गटातल्या एका वहिनींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं. त्यांची मुलगी तेवीस वर्षांची, वजन बासष्ट किलो. दोन स्थळांकडून 'मुलगी अंगानं जरा भरलेली आहे' असा निरोप आलेला. आईच्या जिवाला घोर लागणारच.

मी उत्तर देणार तोच पलीकडून काकू म्हणाल्या, "अगं, मी घेतलंय की ते! दवाखान्यात जाऊन आले त्यापायी." काकूंना पंधरा वर्षांचा डायबेटिस. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू. पुण्याच्या भाचीनं वजनासाठी आणलेल्या पेनमध्ये दोन डोस शिल्लक होते. फुकट कशाला घालवायचे म्हणून काकूंनी ते टोचून घेतलं आणि 'आता दोन-दोन इंजेक्शनं कशाला' म्हणून इन्सुलिन बंद केलं! सहाव्या दिवशी उलट्या, चक्कर, साखर चारशेच्या वर. चार दिवस सलाइन. हे सगळं त्या तिळाचा लाडू खाता खाता सांगत होत्या. आता बोला!

मैत्रिणींनो, घोटाळा होतो तो इथेच. दोन्ही पोटावर टोचायची, दोन्ही पेनमध्ये मिळतात, दोन्ही 'शुगरची' म्हणून ओळखली जातात. पण काम अगदी वेगळं. आमच्या गावातल्या डॉक्टर मॅडमना मी गटाच्या पुढच्या बैठकीला बोलावलं. त्यांनी जे सांगितलं ते आमच्या भाषेत मांडते.

इन्सुलिन म्हणजे शरीरात जे कमी पडतंय ते बाहेरून भरून देणं. १९२१ साली कॅनडात टोरांटोला त्याचा शोध लागला आणि पुढच्याच जानेवारीत ते चौदा वर्षांच्या एका मुलाला दिलं गेलं. त्याआधी लहान मुलांचा डायबेटिस म्हणजे मरणच होतं. आजही टाइप वन असलेल्या मुलाला इन्सुलिनशिवाय दुसरा इलाज नाही. ते थांबवायचं नाही म्हणजे नाही. इन्सुलिननं वजन मात्र थोडं वाढू शकतं, आणि टोचून जेवायला उशीर झाला तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. उपासाच्या दिवशी आपल्या किती सासवा अशा चक्कर येऊन पडल्या असतील!

आठवड्याचं इंजेक्शन निराळं. जेवल्यावर आपल्या आतड्यातून एक संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला 'इन्सुलिन सोड' असं सांगतं, पोट सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला 'पुरे झालं' असा निरोप देतं. हे औषध त्याच संप्रेरकाची नक्कल. म्हणजे ते इन्सुलिन नव्हेच. ज्याच्या स्वादुपिंडात इन्सुलिनच उरलेलं नाही, तिथं ते निरोप कुणाला देणार? काकूंचं नेमकं हेच झालं.

यातही दोन नावं सध्या सगळ्यांच्या तोंडी आहेत. सेमाग्लुटाइड, म्हणजे ओझेम्पिक आणि वेगोवी. आणि टिरझेपेटाइड, म्हणजे मौन्जारो. दुसरं एकाऐवजी दोन संप्रेरकांची नक्कल करतं. २०२५ मध्ये दोघांची समोरासमोर तुलना झाली. डायबेटिस नसलेल्या लठ्ठ माणसांमध्ये ७२ आठवड्यांत टिरझेपेटाइडनं सरासरी वीस टक्के वजन उतरलं, सेमाग्लुटाइडनं चौदा टक्क्यांच्या आसपास. नव्वद किलोच्या बाईचे अठरा किलो आणि बारा-तेरा किलो असा हिशेब धरा. आकडे मोहात पाडणारे आहेत खरे. मलाही क्षणभर वाटलं, आपलेही जातील की दहा-बारा!

पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता किंवा जुलाब बऱ्याच जणींना होतात. पित्ताचे खडे आणि स्वादुपिंडाची सूज हेही धोके आहेत. चरबीबरोबर अंगातला स्नायूही झिजतो, म्हणून डाळ, उसळ, अंडी, दूध नीट पोटात जायला हवं. घरात थायरॉइडचा एक विशिष्ट कॅन्सर झालेला असेल तर ही औषधं देत नाहीत. आणि इंजेक्शन बंद केलं की भूक परत येते. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी जवळजवळ दोन तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलं. खर्चाचं म्हणाल तर मौन्जारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा सर्वांत लहान डोसची एक कुपी साडेतीन हजारांची होती. महिन्याचे चौदा हजार! मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं पेटंट संपलं, त्यामुळे आपल्या कंपन्यांनाही ते करायची वाट मोकळी झाली. पण औषध स्वस्त झालं तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाहीच.

लग्नाच्या मुलींच्या आयांनी आणखी एक ऐकावं. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. सेमाग्लुटाइड तर दिवस राहण्याच्या निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिरझेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. लग्नाआधी घाईघाईनं सुरू केलेलं इंजेक्शन लग्नानंतर असं आड येतं, हे कुणी सांगतं का?

पेनचंही तेच. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्यानं वापरायचं नाही. टोचताना रक्ताचा अंश आत पेनमध्ये जाऊ शकतो. इन्सुलिनच्या सिरिंजकडेही लक्ष द्या. चाळीसच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, शंभरच्या बाटलीला केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट वाढतो नाहीतर निम्म्याहून कमी होतो. काकूंच्या घरी दोन्ही रंगांच्या सिरिंजा एकाच डब्यात सापडल्या! आता त्यांच्या सुनेनं केशरी सिरिंजा मेडिकलवाल्याला परत केल्या आहेत.

आणि वहिनींची मुलगी? मॅडमनी तिची उंची मोजली, पाच फूट दोन इंच. म्हणाल्या, "या वजनाला इंजेक्शन देत नाहीत." मग त्यांनी विचारलं, पाळी वेळेवर येते का? तीन-तीन महिने येत नव्हती. आईलाही ठाऊक नव्हतं. आता तपासण्या चालू आहेत.

रविवारी तिला पाहायला पाहुणे येणार आहेत. मुलीनं आईला बजावलंय, "पोहे मी देईन, पण कुणी वजनावरून बोललं तर उत्तर तू द्यायचंस." वहिनी तेव्हापासून उत्तराची तयारी करताहेत.